जुन्या यंत्राला नवे कुलूप

जुने संगणक जपून ठेवणाऱ्या हौशी मंडळींचा एक पंथच आता जगभर तयार झाला आहे. कोणी १९८१ सालचा आयबीएम पीसी चालू अवस्थेत ठेवतो, कोणी त्यानंतरच्या दशकातला मॅकिंटॉश, तर कोणी विंडोज ९५ चे यंत्र. यंत्र नुसते सुरू करून दाखवण्यातली गोडी थोड्याच दिवसांत ओसरते. मग त्याला आजच्या जगाशी बोलते करावे असे वाटू लागते. आजच्या जगाशी बोलायचे म्हणजे दूरच्या संगणकावर लॉगिन करायचे, आणि त्यासाठी 'एसएसएच' लागते. या गरजेतून जुन्या प्रणालींसाठी अनेक प्रोग्रॅम लिहिले गेले. डॉससाठी 'एसएसएच२डॉस', विंडोजसाठी 'पुट्टी', जुन्या मॅकिंटॉशसाठी 'निफ्टीटेलनेट' व 'मॅकएसएसएच', आणि अलीकडे त्याच मॅकिंटॉशसाठी आलेला 'एसएसएचेव्हन' ही त्यांतली ठळक नावे.

या प्रोग्रॅमांबद्दल बोलताना दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले विधान असे की, आजचे कूटलेखन इतके अवजड झाले आहे की जुन्या यंत्राला ते पेलणारच नाही. दुसरे असे की, पेलले आणि जोडणी झाली की झाले, एसएसएच आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत. शाळेच्या प्रयोगशाळेतील कोपऱ्यात पडून असलेले यंत्र पुन्हा उपयोगात आणू पाहणाऱ्या शिक्षकाला ही दोन्ही विधाने चुकीच्या वाटेने नेतात. पहिल्यात अर्धेच सत्य आहे. दुसऱ्यात त्याहूनही कमी.

आधी थोडा इतिहास. एसएसएचच्या आधी हे काम 'टेलनेट' करीत असे. टेलनेटमध्ये आपण दाबलेले प्रत्येक अक्षर, परवलीच्या शब्दासकट, जसेच्या तसे तारेतून जाते. पोस्टकार्डावरचा मजकूर वाटेतल्या प्रत्येक हाताला वाचता येतो, तसाच हा प्रकार. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे परवलीचे शब्द टिपून घेण्याचा प्रकार उघडकीस आला. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उतारा म्हणून एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा दार-क्रमांक २१ होता, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता. तो त्यांनी मागितला, आणि फारशी लिखापढी न होता तो मिळालाही. अमेरिकेतून बळकट कूटलेखन बाहेर पाठवण्यावर त्या काळी कडक निर्बंध होते. हे काम फिनलंडमध्ये झाल्यामुळे ते त्या अडसरातून सुटले, आणि वर्ष संपता संपता पन्नास देशांत सुमारे वीस हजार लोक ते वापरू लागले.

पहिल्या आवृत्तीच्या रचनेतच दोष निघाले. १९९८ मध्ये असे दाखवून दिले गेले की, चालू असलेल्या संभाषणात तिसऱ्याला स्वतःचा मजकूर घुसडता येतो. दुसरी आवृत्ती पहिलीशी बोलू शकत नाही. तिचे मानक २००६ मध्ये कायम झाले. आज सर्वाधिक वापरला जाणारा 'ओपनएसएसएच' हा संच १९९९ मध्ये निघाला, आणि त्याने पहिल्या आवृत्तीचे उरलेसुरले अंश २०१७ मध्ये काढून टाकले. निफ्टीटेलनेटला फक्त पहिलीच आवृत्ती येते. त्यामुळे या परीक्षणात त्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. जुन्या मॅकच्या पडद्यावर तो फार देखणा दिसतो, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

एसएसएच नेमके काय करते? कामे तीन आहेत. पलीकडचा संगणक तोच आहे ना, याची खात्री करणे हे पहिले. दोघांनी, वाटेतल्या कोणालाही न कळता, एक समाईक गुपित ठरवणे हे दुसरे. त्या गुपिताच्या आधारे पुढचा सगळा मजकूर कूटबद्ध करणे हे तिसरे. लोकांच्या मनात एसएसएच म्हणजे फक्त तिसरे काम असते. खरी मेहनत दुसऱ्या कामात आहे आणि खरी जोखीम पहिल्यात.

गणिताचे ओझे किती?

पहिल्या विधानाची तपासणी आपण स्वतःच करू. हिशोब अकरावीच्या विद्यार्थ्याला जमेल असा आहे. समाईक गुपित ठरवण्याची मूळ रीत डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. तीत एका प्रचंड संख्येचा प्रचंड घात करून, ठरलेल्या मूळ संख्येने भागून, बाकी काढायची असते. आज या रीतीत किमान २०४८ बिटांच्या संख्या घेतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला ८०८८ हा प्रक्रियक एका वेळी १६ बिटांचा गुणाकार करू शकतो. म्हणजे आपली संख्या १२८ तुकड्यांत मांडावी लागेल. अशा दोन संख्यांच्या गुणाकाराला १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ छोटे गुणाकार लागतात. बाकी काढायला साधारण तितकेच आणखी. एकूण ३२,७६८.

आता घात. घातांकातील प्रत्येक बिटामागे एक वर्ग करावा लागतो, आणि निम्म्या बिटांमागे आणखी एक गुणाकार. म्हणजे २,०४८ अधिक १,०२४, एकूण ३,०७२ मोठे गुणाकार. त्यांना ३२,७६८ ने गुणले की दहा कोटींहून थोडी अधिक संख्या येते. ८०८८ ला एका गुणाकाराला किमान ११८ ठोके लागतात, आणि त्याचे घड्याळ सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके देते. भागाकार केला तर उत्तर येते ४१ मिनिटे. यात बेरजा नाहीत, स्मृतीतून आकडे आणण्या-नेण्याचा वेळ नाही. शिवाय असे घात दोन करावे लागतात. घातांक आखूड घेण्याची एक मान्य युक्ती आहे. तिने हा वेळ आठव्या हिश्शापर्यंत खाली येतो, तरी निव्वळ गुणाकारांची दहा मिनिटे उरतातच. आणि ओपनएसएसएचचा सर्व्हर, त्याला वेगळे सांगितले नसेल तर, लॉगिन पूर्ण होण्यासाठी दोन मिनिटे थांबतो आणि जोडणी तोडून टाकतो.

(भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. काही शाळांच्या जुन्या शिक्षकांना ते आठवत असतील. त्यातल्या ६५०२ प्रक्रियकाला तर गुणाकाराची आज्ञाच नव्हती. बेरजा करकरूनच गुणायचे. त्याचा हिशोब विद्यार्थ्यांवर सोपवतो.)

इथवर पहिले विधान खरेच वाटते. पण डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली 'कर्व्ह२५५१९' ही वक्राची रीत घेतली की चित्र पालटते. तिच्यात संख्या २५५ बिटांच्या, म्हणजे १६ तुकड्यांच्या असतात. एका गुणाकाराला २५६ छोटे गुणाकार पुरतात. आणि मूळ संख्या मुद्दाम अशी निवडली आहे की बाकी काढणे जवळजवळ फुकटात होते. पायऱ्या २५५, प्रत्येक पायरीला दहा गुणाकार, शेवटी एक भागाकार. सगळे मिळून छोटे गुणाकार सात लाखांच्या थोडे वर. त्याच ८०८८ वर याला निव्वळ गुणाकाराचे अठरा सेकंद लागतात. बेरजा वगैरे धरून तीस-चाळीस म्हणा. म्हणजे पहिल्या पूर्ण हिशोबाच्या मानाने काम सुमारे १४० पटींनी कमी झाले, आणि सुरक्षा मात्र २०४८ बिटांच्या जुन्या रीतीपेक्षा कमी नाही, उलट थोडी जास्तच. २०२४ मध्ये मानक झालेली, भविष्यातील पुंज-संगणकांना तोंड देण्यासाठी रचलेली 'एमएल-केम' ही रीत घ्या. तिचे सगळे गुणाकार ३३२९ ने भागून उरणाऱ्या बाकीत चालतात. असा आकडा दोन बाइटांत सहज मावतो. तिच्या किल्ल्या हजार बाइटांहून मोठ्या असतात हे खरे, पण अंकगणित १६ बिटी यंत्राला अगदी मानवणारे आहे.

तेव्हा जुने यंत्र दमते ते नव्या गणिताने नव्हे, तर मधल्या काळातल्या गणिताने. एसएसएच२डॉसची गोची इथेच आहे. तो २००० नंतरच्या पहिल्या दशकातला. त्याच्या कर्त्याने पुट्टीच्या आधाराने डॉसवर एसएसएचची दुसरी आवृत्ती आणली, ही कामगिरी लहान नव्हे. ३८६ वरच्या यंत्रांसाठी वेगळी आवृत्ती दिली, हेही शहाणपणाचे. ३३ मेगाहर्ट्‌झच्या ३८६ वर आपला वरचा हिशोब केला तर एका पूर्ण घाताला अर्धा मिनिट येतो, म्हणजे दोन मिनिटांत कसेबसे बसते. पण वक्राची रीत ओपनएसएसएचमध्ये आली २०१४ मध्ये. तोवर डॉसवरच्या या प्रोग्रॅमाचे काम थांबलेले होते. ज्या यंत्राला हलक्या रीतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच प्रोग्रॅमात ती नाही.

नशीब कोठून आणायचे?

गणिताहून अवघड प्रश्न दुसराच आहे, आणि त्याच्याकडे हौशी मंडळींचे फारसे लक्ष जात नाही. समाईक गुपित ठरवताना दोन्ही बाजूंना एकेक संख्या 'मनातली' धरावी लागते, जिचा अंदाज कोणालाच येऊ नये. माणूस फासा टाकील. संगणक काय टाकणार? आजच्या प्रणाली डिस्क, कळफलक, जाळे, प्रक्रियकातील विद्युत-खळबळ अशा अनेक ठिकाणांहून अनिश्चितता गोळा करून साठवतात. डॉसमध्ये असा साठाच नाही. तेथे सहज हाताशी येणारी गोष्ट म्हणजे घड्याळाचा मोजक. तो सेकंदाला १८.२ वेळा पुढे सरकतो आणि मध्यरात्री शून्यावर येतो. दिवसभरात त्याच्या किमती होतात १५,७३,०४०. एखाद्या प्रोग्रॅमाने आपले 'नशीब' फक्त या मोजकावरून काढले, तर किल्ली २०४८ बिटांची असो की दोन लाख बिटांची, शत्रूला तपासाव्या लागतात पावणेसोळा लाख शक्यता. आजच्या साध्या संगणकाला एवढे काम म्हणजे चहा होईपर्यंतचा वेळ.

हा केवळ तर्क नाही. डेबियन या लिनक्सच्या वितरणात २००६ मध्ये एका दुरुस्तीच्या भरात यादृच्छिकता देणाऱ्या दोन ओळी गळल्या, आणि २००८ मध्ये ते लक्षात येईपर्यंत तयार झालेल्या किल्ल्या, प्रत्येक प्रकारच्या व लांबीच्या, फक्त ३२,७६८ पैकी एक असत. त्या सगळ्यांची यादी करणे अवघड नव्हते. ती केलीही गेली.

पुट्टीच्या कर्त्यांनी ही अडचण सुरुवातीपासून ओळखली होती. केंब्रिजचे सायमन टॅथम यांनी हा प्रोग्रॅम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहायला घेतला. त्याच्या इंग्रजी नावातील शेवटची तीन अक्षरे म्हणजे युनिक्समधील टर्मिनलचे संक्षिप्त नाव. एकूण उच्चार मात्र खिडकीच्या काचा बसवणाऱ्या लांबीचा, आणि खिडक्यांचे नाव घेतलेल्या प्रणालीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमाला तो शोभतो. नवी किल्ली तयार करताना पुट्टीचा जोड-प्रोग्रॅम तुम्हाला उंदीर रिकाम्या चौकटीत इकडेतिकडे फिरवायला सांगतो. हातांच्या त्या वेड्यावाकड्या हालचाली म्हणजेच फासे. वर्गात दाखवण्यासारखी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. मुलांना एकदा उंदीर फिरवू द्यावा, आणि मग ही रेघोट्यांची कसरत कशासाठी, असे विचारावे.

पण सही करताना दरवेळी उंदीर फिरवा असे सांगता येत नाही. डीएसए नावाच्या सहीच्या रीतीत प्रत्येक सहीला एक नवा गुप्त आकडा लागतो. तो एकदा जरी फुटला तरी खासगी किल्लीच फुटते. का, ते छोट्या आकड्यांवर पाहू. सगळे हिशोब ११ ने भागून बाकी घेत करू. नियम असा: सही गुणिले गुप्त आकडा बरोबर मजकुराचा ठसा अधिक खासगी किल्ली गुणिले एक जाहीर आकडा. समजा ठसा ४, खासगी किल्ली ७, जाहीर आकडा ३, गुप्त आकडा ५. उजवी बाजू ४ अधिक २१, म्हणजे २५, बाकी ३. सही अशी हवी की तिला ५ ने गुणून बाकी ३ यावी. ती ५ आहे. आता समजा मला सही ५, ठसा ४ आणि जाहीर आकडा ३ दिसतातच, आणि गुप्त आकडा ५ कोठून तरी कळला. २५ वजा ४, म्हणजे २१, बाकी १०. कोणत्या संख्येला ३ ने गुणले तर बाकी १० येते? सात. किल्ली हातात आली. (खऱ्या रीतीत जाहीर आकडा गुप्त आकड्यापासूनच काढतात, येथे सोयीसाठी सुटा घेतला आहे.)

विंडोजकडे तेव्हा कूटलेखनाला पुरेल असा यादृच्छिकतेचा स्रोत नाही, हे लक्षात घेऊन पुट्टीने हा गुप्त आकडा फाशाने न काढता हिशोबाने काढायचे ठरवले. खासगी किल्ली आणि मजकूर एकत्र घोटून 'शा-५१२' या रीतीने ५१२ बिटांचा ठसा काढायचा आणि तो ठरलेल्या संख्येने भागून बाकी घ्यायची. कल्पना उत्तम होती, इतकी की तशाच प्रकारची रीत २०१३ मध्ये मानक म्हणून सर्वांसाठी लिहिली गेली. डीएसएला त्या वेळी १६० बिटांचा आकडा लागे. ५१२ बिट त्याला पुरून उरत. २५६ आणि ३८४ बिटांच्या वक्रांनाही ते पुरले. पण पुट्टीच्या ०.६८ या २०१७ च्या आवृत्तीपासून ५२१ बिटांच्या वक्राची सोयही आली. ५२१ बिटांच्या जागेत ५१२ बिटांचा आकडा ठेवला की वरचे नऊ बिट कायम शून्य. प्रत्येक सहीमागे नऊ बिटांची माहिती बाहेर. ५२१ ला ९ ने भागा, उत्तर अठ्ठावन्नच्या आसपास येते. बोखुमच्या रूर विद्यापीठातील फाबियान बॉयमर आणि मार्कुस ब्रिंकमान यांनी २०२४ मध्ये दाखवले की, अशा साधारण साठ सह्या हाती आल्या की संपूर्ण खासगी किल्ली काढता येते. वाटेत कान देणाऱ्याला या सह्या मिळत नाहीत, कारण त्या कूटबद्ध मजकुराच्या आत असतात. पण ज्या सर्व्हरवर तुम्ही लॉगिन करता त्याला त्या मिळतात. एप्रिल २०२४ मधील ०.८१ आवृत्तीने पुट्टीने आपली रीत सोडून मानक रीत घेतली.

याला निष्काळजीपणा म्हणायला मी तयार नाही. पुट्टीइतका काटेकोर आणि आपल्या उणिवा इतक्या स्वच्छ शब्दांत जाहीर करणारा प्रोग्रॅम विरळा. पण जुन्या प्रणालीसाठी केलेली तडजोड त्या प्रणालीबरोबर मरत नाही, हे यातून अगदी ठळक दिसते. ज्या विंडोजसाठी ती केली, ती विंडोज प्रचारातून गेली. तडजोड राहिली, आणि ज्यांनी विंडोज ९५ कधी डोळ्यांनी पाहिलेही नाही अशा लोकांच्या किल्ल्या तिने उघड्या पाडल्या. एसएसएचेव्हनसारख्या नव्या प्रोग्रॅमांचे परीक्षण करताना त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगाचा नसतो, नशीब कोठून आणता हा असतो. डॉसवरही चांगले उत्तर देता येते. पीसीच्या पाटीवरच्या वेळमापक चकतीचा आतला मोजक सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके घेतो. प्रत्येक कळ दाबली जाताना त्याचे शेवटचे काही बिट टिपत गेले तर माणसाच्या बोटांची अनिश्चितता पदरात पडते. जो प्रोग्रॅम असे काही करतो आणि तसे सांगतो, त्याला माझे झुकते माप.

दार भक्कम, भिंत कुडाची

दुसऱ्या विधानाकडे वळताना आधी सर्व्हरची बाजू पाहिली पाहिजे. आजच्या सर्व्हरला एसएसएच२डॉसने हाक मारली तर उत्तर नकाराचे येते. जुन्या प्रोग्रॅमाला येणारी १०२४ बिटांची डिफी-हेलमन रीत ओपनएसएसएचने २०१५ मध्ये वापरातून काढली. 'शा-१' वर आधारलेल्या आरएसए सह्या २०२१ मध्ये, आणि डीएसए तर २०२५ मध्ये पूर्णपणे. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय असा की, सर्व्हरच्या मांडणीत तीन-चार ओळी घालून या रीती पुन्हा चालू करायच्या. जोडणी होते. हौशी माणूस खूश होतो.

नुकसान लगेच दिसत नाही, कारण नवे यंत्र त्याच सर्व्हरशी बोलताना चांगलीच रीत आधी मागते आणि तिला तीच मिळते. पण जुन्या यंत्राचे संभाषण १०२४ बिटांच्या आडोशाला राहते. २०१५ मध्येच संशोधकांनी दाखवून दिले होते की, एखादे बलाढ्य राष्ट्र पुरेसा खर्च करून अशी एखादी ठरीव मूळ संख्या फोडण्याची पूर्वतयारी करू शकते, आणि एकदा ती झाली की त्या संख्येवर विसंबलेले प्रत्येक संभाषण स्वस्तात उघडते. शाळेच्या संभाषणामागे कोणते राष्ट्र लागणार, असे कोणी म्हणेल. मान्य. पण जुन्या डॉसवर आणि नव्या लॅपटॉपवर आपण एकच परवलीचा शब्द टंकतो, हे विसरू नये. गुणपत्रके आणि मुलांचे पत्ते ज्या खात्यात आहेत ते खाते त्यातल्या सर्वांत कमकुवत वाटेइतकेच सुरक्षित असते. ओळखीच्या मुद्द्यावर तर राष्ट्राचीही गरज नाही. पहिल्या जोडणीला पडद्यावर सर्व्हरच्या किल्लीचा ठसा येतो आणि 'मान्य?' असा प्रश्न येतो. तो ठसा दुसऱ्या मार्गाने आलेल्या ठशाशी ताडून न पाहता 'होय' म्हणणारा माणूस एसएसएचचे पहिले काम स्वतःच्या हाताने रद्द करतो. ही सवय जुन्या यंत्रांपुरती नाही, पण ऐंशी अक्षरांच्या ओळीत लांबलचक ठसा मोडून दोन ओळींत दिसतो तिथे ती अधिक बळावते.

आणि मग यंत्राची स्वतःची बाजू. डॉसमध्ये, जुन्या मॅक प्रणालीत एका प्रोग्रॅमाची स्मृती दुसऱ्यापासून राखण्याची सोय नाही. विंडोज ९५ मध्ये ती अर्धवट आहे. फाइल कोणी वाचावी आणि कोणी वाचू नये, हा प्रश्नच या प्रणालींना पडत नाही. कोणत्याही फ्लॉपीतून आलेला कोणताही प्रोग्रॅम डिस्कवरची किल्ली उचलू शकतो, कळा टिपू शकतो. या प्रणाली बिघडलेल्या नाहीत. त्या एका माणसासाठी, एका टेबलावर, जाळ्याविना चालण्यासाठी रचल्या होत्या आणि ते काम त्या चोख करतात. भिंत कुडाची आहे हे ठाऊक असताना दाराला सातपदरी कुलूप लावून निर्धास्त झोपणे, हा दोष मात्र आपला.

या कसोट्यांवर एसएसएचेव्हन मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. 'सिस्टिम सेव्हन' या मॅक प्रणालीवर केलेली कोटी नावातच आहे. कूटलेखनाचे गणित त्याने स्वतः रचलेले नाही. 'एमबेड-टीएलएस' आणि 'लिबएसएसएच२' ही, इतरत्र रोज वापरात असलेली आणि दुरुस्त होत राहणारी ग्रंथालये घेऊन, ती आजच्याच संगणकावर जुन्या मॅकसाठी जुळवली आहेत. ६८०३० या जुन्या प्रक्रियकावरही तो चालतो, पण त्याहून सशक्त ६८०४० घ्या असे कर्ताच सुचवतो. उद्या एखादी रीत बाद झाली तर ग्रंथालय बदलून नवी आवृत्ती बांधता येईल. एसएसएच२डॉस एका जागी गोठला, तसे याचे होण्याची शक्यता त्यामुळे कमी. किल्ली कोठे ठेवायची या प्रश्नाला मात्र त्याच्याजवळही उत्तर नाही, आणि त्या प्रणालीवर ते कोणाजवळच असू शकत नाही.

मग शाळेने काय करावे? जुन्या यंत्रावरूनच एसएसएच चालवायचे असेल तर त्यासाठी वेगळे खाते, वेगळा परवलीचा शब्द आणि शक्य तर वेगळा सर्व्हर ठेवावा, ज्यात हरवले तरी हळहळ वाटणार नाही असेच काही असेल. रोजच्या सर्व्हरच्या मांडणीत त्या तीन-चार ओळी घालू नयेत. पण मला याहून दुसरी मांडणी अधिक पसंत आहे. जुन्या यंत्राशेजारी रास्पबेरी पायसारखा छोटा, आजचा संगणक ठेवावा आणि दोघांना सिरियल तारेने जोडावे. जुन्या यंत्रावर केर्मिटसारखा टर्मिनल-प्रोग्रॅम चालवावा. एसएसएचची तिन्ही कामे छोटा संगणक करील, किल्ल्याही त्याच्याकडेच राहतील. जुने यंत्र फक्त कळा पाठवील आणि अक्षरे दाखवील.

शुद्धतावादी मंडळी याला लबाडी म्हणतात. जुन्या यंत्राने स्वतः काहीच केले नाही, असा त्यांचा आक्षेप. मला तो पटत नाही. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलचे काम तरी दुसरे काय होते? ८०८८ च्या पीसीला टर्मिनल म्हणून हजारो कचेऱ्यांत वापरलेच आहे, आणि केर्मिट तर कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये नेमके अशाच जोडण्यांसाठी जन्मला. ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात. चोवीस ओळींचा, ऐंशी अक्षरांचा पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद लागतात आणि ओळी उमटताना दिसतात. तार दीड-दोन मीटरची असते, आपल्याच टेबलावर असते. तेवढ्या अंतरात मजकूर उघडा जातो, आणि नेमका कोठून कोठपर्यंत उघडा आहे, हे मुलांना तारेवर बोट ठेवून दाखवता येते.